थळच्या सुरमईचा तपास

"जगात दोनच नाकं कामाची. एक हत्तीचं, एक माझं," असं अंबाजीराव स्वतःच सांगतात. रेवसच्या धक्क्यावर दोन वर्षं तिकिटं तपासली, तेवढ्यावर ते गुप्तहेर झाले. मी तुकाराम, त्यांचा सहायक. म्हणजे छत्री धरतो.

सत्तावन्न साली, नारळी पुनवेनंतरच्या पहिल्या मासेमारीला थळमध्ये आमचे साहेब पंच होते. ज्या होडीत सगळ्यात मोठी सुरमई, तिचं निशाण वर्षभर बंदराच्या काठीवर. विधवा बायजाच्या लहानग्या होडीला हा मान कधीच मिळाला नव्हता. यंदा मात्र तिनं आपल्या टोपलीत मोठी सुरमई स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती.

साहेब आधी तिच्याच घरी जेवले. "डोकं चालायला मोठा मासा लागतो," असं तिच्या सुनेला, सगुणाला बजावून. मग ढेकर देत किनाऱ्यावर आले.

"सगळ्यात मोठी होडी कुणाची?"

"माझी," काळूराम म्हणाला.

"तिच्यातली मोठी टोपली काढ. टोपलीतला मोठा मासा काढ. झालं! मोठं मोठ्यातच असतं."

"अवो, माझ्या टोपल्या कोन बघनार?" बायजा रडकुंडीला आली. "माझी सुरमई हिच्यापरीस हातभर लांब हाय!"

टोपल्या उपसल्या. सुरमई नव्हती! बायजानं कपाळाला हात लावला.

साहेबांनी डोळे मिटले. "मांजर."

"चार फुटी माशाला?" मी विचारलं.

"मग दोन मांजरं." थोड्या वेळानं ते म्हणाले, "छे, सुरमई रेवसच्या लाँचनं मुंबईला पळाली." शेवटी म्हणाले, "बाई, तुम्ही लाटेलाच मासा समजलात."

इतक्यात सगुणा टोप घेऊन आली. "आत्या, ती मी रांधली. पंचांना मोठाच मासा हवा व्हता ना! म्हनून मी टोपलीटोपलीतली मोठी काढली, नि त्या मोठ्यांतली मोठी उचलली. डोकं हाय की टोपात."

काळूरामनं आपल्या सुरमईचं डोकं त्याच्या शेजारी धरलं. ते बरंच लहान निघालं. "बायजाक्का, निशाण तुमचंच," तो म्हणाला. बायजाला हसावं की रडावं कळेना, ती दोन्ही करू लागली.

साहेब खाकरले. "पुरावा कुणाच्या हाती लागू नये म्हणून मीच तो पोटात ठेवला होता."

"कालवण उरलंय, वाढू का?" सगुणानं विचारलं.

"वाढ," साहेब म्हणाले. "तपास अर्धवट सोडत नाही मी."