ओटमारचा खांब आणि उलटे डबे

गाडी चुकणं ही गोष्ट इतर लोकांच्या बाबतीत घडते, असं ओटमार ब्रेमेकरचं ठाम मत होतं! ओबरटालच्या फलाटावर तो नोकरीची अठ्ठावीस वर्षं रोज उभा राहिला होता, नेमका घड्याळाच्या खांबाखाली. पुढे जंक्शनवर गाडीचे दोन भाग होतात. पुढचा अर्धा जंगलातल्या खेड्यांकडे जातो, मागचा व्युर्झबुर्ग शहरात. आणि खांबापाशी थांबतो तो मागचा!

आज तर चुकून चालणारच नव्हतं. व्युर्झबुर्गात नात मारेनचा शाळेचा पहिला दिवस होता. समारंभ दहाला. त्या दिवशी प्रत्येक पोराच्या हातात खाऊने भरलेला कागदी शंकू लागतो, आणि मारेनचा शंकू ओटमारने तीन आठवडे खपून स्वतः केला होता. उंची जवळजवळ मारेनएवढी! शंकूशिवाय शाळेत उभं राहायचं म्हणजे मुंडावळ्यांशिवाय बोहल्यावर चढण्यासारखं.

तेवढ्यात भोंगा बोलला, "आज गाडीचे डबे उलट्या क्रमाने लागले आहेत."

"ऐकलंस?" त्याची बायको हेडविग म्हणाली. "चल, पुढच्या टोकाला जाऊ."

"भोंग्याचं काय ऐकतेस! गेल्या महिन्यात समोर उभ्या असलेल्या गाडीला 'लवकरच येत आहे' म्हणत होता!"

"अरे, मग डब्यावरची पाटी तरी वाच!"

"पाट्या नवखी माणसं वाचतात."

"बरं. तू बस तुझ्या खांबाला धरून. मी चालले."

आणि ती खरंच गेली! ओटमार शंकूला कडेवर घेऊन मागच्या डब्यात चढला.

जंक्शनवर हिसका बसला. पुढचा भाग सुटून निघून गेला. 'बिचारी! निघाली जंगलात!' त्याला भडभडून आलं. आपलीही गाडी हलल्याबरोबर त्याने फोन लावला.

"हेडविग, घाबरू नकोस. पुढच्या स्टेशनात उतर आणि जागची हलू नकोस. मी कुणाला तरी न्यायला पाठवतो."

"मी कशाला घाबरू? तुझ्या खिडकीतून काय दिसतंय?"

"काय दिसणार? झाडं."

"आणि?"

"आणखी झाडं."

"मला व्युर्झबुर्गच्या वाटेवरची माईन नदी दिसतेय, ओटमार. पलीकडे द्राक्षांचे मळेसुद्धा."

ओटमारने पहिल्यांदाच डब्यातली पाटी वाचली.

"आता ये सावकाश," ती म्हणाली. इतकं गोड बोलली म्हणजे टोमणाच!

पुढच्या थांब्यावर तो उतरला. परतीची गाडी तासाभराने. पण ओटमार हार मानणाऱ्यांतला नव्हता! त्याने शंकू खांद्यावर टाकला आणि सरळ रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. कांद्याची एक व्हॅन करकचून थांबली. शेतकरीणबाईंनी डोकं बाहेर काढलं.

"काय आजोबा, हे रॉकेट घेऊन कुठे?"

"व्युर्झबुर्गला! दहाच्या आत!"

"पावणेदहा झालेत. तासाचा रस्ता आहे."

"तरीही!"

बाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बसा मागे. पुढे कुत्रा बसलाय, आणि तो कुणासाठी उठत नाही."

मग काय! प्रत्येक वळणाला कांदे डावीकडे, ओटमार उजवीकडे, आणि दोघांच्या मध्ये मिठी मारलेला शंकू. डोळ्यांतून घळाघळा पाणी. ते कांद्यांमुळे होतं की शंकूशिवाय उभ्या असलेल्या मारेनच्या आठवणीने, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

अकराला पाच कमी असताना तो शाळेच्या फाटकातून धावत आत शिरला. शंकूचं टोक वाकलं होतं, आणि आजोबांना कांद्याचा घमघमाट!

"आजोबा आले! माझा शंकू आला!" मारेन उड्या मारत आली.

"चुकलं बाळा, माफ कर! संपलं ना सगळं?"

"अजून सुरू कुठे झालंय?"

ओटमारने आपल्या लेकीकडे, युटाकडे पाहिलं. युटाने आईकडे पाहिलं. हेडविगने हातातल्या केककडे पाहिलं.

"बाबा, समारंभ साडेअकराला आहे," युटा म्हणाली.

"पण मला तर दहा..."

"तुम्हाला आम्ही नेहमीच दीड तास आधीची वेळ सांगतो. माझ्या लग्नाचीसुद्धा तशीच सांगितली होती."

ओटमार मटकन पायरीवर बसला. लग्नाच्या दिवशी सगळं वऱ्हाड आपल्यासाठी दीड तास ताटकळलं असं समजून, त्या उपकाराच्या ओझ्याखाली आठ वर्षं त्याने जावयाला एक शब्द उलटून बोलायची हिंमत केली नव्हती!