कंचा दरवाजा?

"हितंच थांब. नमाज पढतो आणि आलोच," म्हणून दिलदार मुल्लाणी मशिदीच्या आवाराच्या दरवाज्यातून आत गेला. त्याच्या मागोमाग गुंडू चौगुले निघाला, तर पोलिसानं आडवा हात घातला. या दारानं फक्त मुसलमानांनाच जाता येतं, हे गुंडूला खुणांवरून समजलं.

कागलचे हे दोघे ठिबक सिंचन बघायला शेतकऱ्यांच्या सहलीबरोबर इस्राएलला आले होते. शेवटचा दिवस जेरुसलेमच्या तटबंदीतल्या जुन्या शहरासाठी होता. चारला बस सुटणार, ती थेट विमानतळावर.

गुंडू थांबला होता, पण गल्ली अरुंद. समोरून गाणी म्हणत यात्रेकरूंचा घोळका आला. खांद्यावर भला मोठा लाकडी क्रूस. मागचं टोक धरणारा म्हातारा धापा टाकत होता. कुणी ओझ्याखाली वाकलेलं गुंडूला बघवत नाही. त्यानं हात लावला. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. मग टोक सोडणार कसं? पुष्कळ वळणांनंतर चर्च आलं, तेव्हा कुठं गुंडूला दिलदार आठवला.

परत फिरला तो भलत्याच गल्लीनं. मसाल्याची दुकानं, चपलांची दुकानं, पुन्हा मसाल्याचीच. जिना उतरला तर मोठं पटांगण, उंच दगडी भिंत आणि तिला कपाळ टेकून पुटपुटणारी माणसं. कुणीतरी त्याच्याही डोक्यावर गोल टोपी ठेवली. गुंडूनं भिंतीला डोकं टेकलं. "देवा, आमची बस दाव!"

दिलदारचा फोन बंद. भिंतीपासून मागं पटांगणात येऊन गुंडूनं बायकोला फोन लावला.

"अगं ताना, मी चुकलोय!"

"कुठं?"

"ते कळलं असतं तर चुकलो असतो व्हय?"

"बस कंच्या दरवाज्याला हाय?"

"ढीगभर दरवाजं हाईत हितं. नाव इसरलो की!"

"मग थांबू नगासा. चालत ऱ्हावा. दिसंल एखादा," तानाबाई म्हणाली आणि फोन कटला.

गुंडू ताठ मानेनं चालू लागला. एक दरवाजा आला, तिथल्या गाड्यांच्या गर्दीत त्याला बस दिसेना. तो तटाच्या कडेनं पुढं सुटला. इतक्यात मागून हाक आली, "अहो, जरा हळू चाला ना! माझे गुडघे दुखतात."

मराठी! गुंडू गर्रकन वळला. डोक्याला रुमाल बांधलेल्या एक म्हाताऱ्या बाई घाम पुसत उभ्या होत्या.

"मावशी, तुमी मराठी?"

"मी रिबका. माहेर अलिबागचं. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. आता इथंच, लोद शहरात असतो, आमच्या मंडळाची सहल आलीय."

गुंडूचा जीव भांड्यात पडला. "लई बरं झालं भेटलासा! बस कुठं हाय, तेवढं सांगा."

"म्हणजे? तुम्ही आमच्या बसमधले नाही?"

"न्हाय की!"

"अगं बाई! पटांगणात तुम्ही फोनवर बोलत होता. काय बोललात ते काही कळलं नाही, पण मराठी होतं एवढं नक्की. म्हटलं, आपलाच माणूस. तेव्हापासून तुमच्या मागं येतेय."

"म्हंजे तुमीबी चुकलाय?"

"मी कशाला चुकतेय?" मावशी ठसक्यात म्हणाल्या. "आमची बस जाफा दरवाज्यापाशी आहे."

"जाफा! त्योच की! आमचीबी तितंच हाय! कुठाय त्यो?"

"आत्ताच मागं राहिला," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही जवळच्या वाटेनं नेताय."