चायना म्हात्र्यांची वाकडी झांज

दुसऱ्याच्या घरी पहिल्यांदा गेलेला माणूस भिंतीवरचे फोटो बघतो, पडद्यांचं कौतुक करतो. म्हात्रेकाका आमच्याकडे पहिल्यांदा आले ते थेट स्वयंपाकघरात शिरले आणि मांडणीवरची झाकणं एकेक करून बोटाच्या पेराने वाजवायला लागले. टण्ण. टिंग. टण्ण. मी हातात चहाचा कप घेऊन उभी. शेवटी मोरीजवळचं एक पोचे पडलेलं पितळी झाकण 'खॅश्श' असं काहीतरी बोललं, तेव्हा काकांचा चेहरा उजळला.

"बाय, ह्या घरात हे एकच झाकन शानं हाय," ते म्हणाले. "बाकीची सगली नुसती गोड बोलतात."

ते झाकण मी भंगारात घालणार होते. त्यांनी ते मागून नेलं आणि बदल्यात नवंकोरं स्टीलचं झाकण आणून दिलं. ते आमच्या कुठल्याच भांड्यावर बसत नाही, पण मी काही बोलले नाही. त्या दिवशी नाही बोलले. नंतर पुष्कळ बोलले, कारण माझा स्वभाव तसा आहे आणि काकांच्या शेजारी राहून तो सुधारायची काही शक्यता नव्हती.

आमच्या थळ गावात तीन जनार्दन म्हात्रे आहेत. एकाचे ट्रक आहेत, एक पोस्टातून रिटायर झाले, आणि आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात ते चायना म्हात्रे. काका ड्रम वाजवतात. तरुणपणी हळदीच्या कार्यक्रमांत बेंजो पार्टीबरोबर वाजवायचे. तिथून कुणाच्या तरी ओळखीने आखातातल्या एका हॉटेलच्या बँडमध्ये लागले आणि वीस वर्षं रोज संध्याकाळी जॅझ वाजवून परत आले. गावातली बाकीची मंडळी आखातातून सोनं आणि ब्लँकेटं घेऊन येतात. काकांनी एक मोठी झांज आणली.

तिचं नाव चायना. ताटाएवढी झांज, पण कडा उलट्या बाजूला वळलेल्या. काका ती स्टँडवर पालथी लावतात, म्हणजे बघणाऱ्याला आधी वाटतं चुकून लावलीय, मग वाटतं हिच्यावर कुणीतरी बसलंय. तिला सहा भोकं पाडून त्यांत ढिल्या खिळ्या बसवलेल्या. वाजवली की तव्यात बोंबील सोडल्यासारखी बराच वेळ चरचरते. आता आपल्याकडे 'चायना' म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे काय येतं? दोन दिवसांत बंद पडणारी बॅटरी. त्यामुळे काका आखातात जाऊन फसले आणि चायना माल घेऊन आले, हे गावाने केव्हाच ठरवून टाकलं होतं. पारावर कुणी "काका, गॅरंटी हाय काय?" असं विचारलं की काका लालबुंद व्हायचे. "चायना ही जात हाय रं आवाजाची! माल न्हाय, जात!"

माझं औषधांचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत. काका दिवसातून चार वेळा तिथे यायचे आणि चारही वेळा काही विकत घ्यायचे नाहीत. स्वस्थ बसणं त्यांना जमतच नसे. काउंटरवर बोटं, पायाने जमिनीवर ठेका, खोकल्याच्या बाटल्यांवर पेनाची टोकं. एकदा एक बाई नातवाचा ताप सांगत होती तर हे तिच्या बोलण्यावर मागून डबीवर ठेका धरून. बाई जास्तच रंगून सांगायला लागली. ताप एकशे तीनवरून एकशे चारवर गेला.

"काका, हात बांधून उभे राहा!" मी ओरडायचे.

"ओरड, ओरड," ते खूश होऊन म्हणायचे. "आवाज चांगला लागलाय आज."

एकदा मी वैतागून विचारलं, की ह्या वाकड्या ताटात एवढं आहे तरी काय. चूकच झाली. मला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं आणि स्टुलावर बसवलं. 

"काठावर मारलीस तर ती भांडते," काकांनी काठी मारली. मी कान झाकले. "पोटावर मारलीस तर नुसती कुरकुर करते. आयक." आता खरंच कुणीतरी दातांतल्या दातांत पुटपुटत होतं. मग त्यांनी लोकरीचे गोंडे लावलेल्या काठ्या घेतल्या आणि कडेकडेने हलकेच फिरवल्या. आवाज कुठून सुरू झाला ते कळलंच नाही. खोली भरत गेली आणि त्यांनी एकदम पंज्याने झांज धरली. गप्प.

"बाकीचे लोक हिला शेवटी एकदा धाडकन मारतात, गानं संपलं म्हनून सांगाया. मी तसं करत न्हाय. पियानोवाला जवा रंगात येतो ना, तवा मी मागून हिला कुरकुरत ठेवतो. मागं कुनी कुरकुरनारं असलं की पुढचा नीट वागतो बग. त्याला वाटतं, आपल्याकडं कुनाचं तरी ध्यान हाय."

मला त्या वेळी ते जॅझबद्दलच बोलतायत असं वाटलं.

काकी, म्हणजे त्यांची बायको, वर्षभरापूर्वी मुलीच्या बाळंतपणासाठी कामोठ्याला गेल्या. तीन महिन्यांचं ठरलं होतं. मग मुलगी कामावर जायला लागली आणि बाळाला बघायला कोण, म्हणून काकी तिथेच राहिल्या. त्या गेल्यापासून चायना दिवसातून दोनदा वाजायला लागली. माझ्या दुकानात कापसाचा खप वाढला. एरवी काका आठवडाभर एकाच गोष्टीची वाट बघायचे. मांडव्याच्या जेट्टीजवळ एक रिसॉर्ट आहे, तिथे रविवारी दुपारी जेवणाच्या वेळी तिघं मिळून वाजवतात. पियानोवाला आणि बासवाला मुंबईहून बोटीने येतात, काका थळहून रिक्षात ड्रम कोंबून. मॅनेजर दर रविवारी येऊन सांगते, सर, थोडा कमी आवाज, गेस्ट बोलतायत. काका मान डोलावतात आणि होता तोच आवाज ठेवतात. पण शनिवारी रात्रीच इस्त्रीचा शर्ट खुंटीला लागलेला असायचा.

माघी गणपतीत आमच्या पाड्यातल्या मंडळाची मोठी झांज हरवली. बबन पाटील काकांकडे आला. बबनचं रेवस रोडला ट्रकच्या डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. "काका, आरतीला तुमची चायना मिलंल काय?"

मला वाटलं काका त्याला हाकलतील. कुणाला हात लावू देत नसत ते. पण इतक्या वर्षांत गावातल्या कुणी चायना मागितली नव्हती. काका आत गेले, झांज मऊ फडक्यात गुंडाळून घेऊन आले, आणि बबनच्या हातात देताना बाप मुलीला सासरी पाठवतो तसं तोंड केलं.

पाच दिवसांनी बबन ती घेऊन आला. दुकानातच आला, कारण काका तिथेच होते. हात पुढे करून फडकं सोडलं. आत एक लख्ख, सपाट, सोन्यासारखी चकचकीत थाळी होती.

आपल्याकडे माणूस उसनी वाटी रिकामी परत करत नाही, तिच्यात चमचाभर साखर तरी घालतो. बबनने तेच केलं होतं. झांजेची कड कुणीतरी चेपलीय हे बघून त्याला वाईट वाटलं. दोन दिवस गॅरेजची कामं बाजूला ठेवून, लाकडी हातोडीने टक टक करत, त्याने ती कड गोल सगळीकडून सरळ केली होती. खिळ्या उपटून सहाही भोकं पितळ भरून बुजवली होती. वर बफ मारून पॉलिश केलं होतं.

"काका, इतकी वर्सं वाकडीच वाजवलीत," तो म्हणाला. "आपल्यातलाच डेंटर हाय ना! आदी सांगायचं!"

मी तोंड उघडलं. काकांनी काउंटरखालून माझा पाय दाबला.

"आरशासारखी झाली रं," ते बबनला म्हणाले. "कारागीर हाईस तू."

बबन शीळ घालत गेला. काकांनी थाळीला बोट मारलं. टिंग. देवळातल्या घंटेसारखा स्वच्छ, गोड आवाज. त्यांनी ती फडक्यात बांधली आणि घरी गेले.

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. भिंतीपलीकडून काहीही ऐकू येईना. बुधवारी मी डबा घेऊन गेले तर काका खुर्चीत बसलेले, दोन्ही हात मांडीवर, बोटं निजलेली. त्यांना असं स्वस्थ मी कधीच पाहिलं नव्हतं आणि मला सरळ भीती वाटली. वर त्यांनी सांगितलं, पियानोवाल्याला फोन करून कळवलंय, दुसरा बघ म्हणून. "मी आता वाजवनार न्हाय, बाय. संपलं."

"नवीन घ्या झांज!"

"आवाज नवीन मिलत न्हाय."

मी ओरडून पाहिलं, समजावून पाहिलं. त्यांनी नम्रपणे ऐकून घेतलं. शुक्रवारी मला राहवेना. मी काकींना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"बबनला काय म्हनाले हे?"

"कारागीर आहेस म्हणाले."

"कारागीर!" काकींचा आवाज फुटला. "दे. दे त्यांच्याकडं फोन!"

मी धावत पलीकडे गेले आणि फोन स्पीकरवर टाकून काकांच्या पुढ्यात धरला.

"अवो, डोकं ठिकानावर हाय काय तुमचं? जल्मभर मना हात लावू दिला न्हाय त्या झांजेला आन् मंडलाला काढून दिलीत? बबनच्या तोंडावर गोड बोलाया जमतं! आन् जेवता काय तुमी? त्या पोरीला डबे आनायला लावता, लाज न्हाय वाटत? किती दिवसांचा शर्ट हाय अंगावर? मी हितून बगत न्हाय म्हंजे काय कलत न्हाय?"

ती माउली थांबेना. वर्षभराचं साठलेलं बाहेर पडत होतं. आणि काकांच्या उजव्या हाताचं एक बोट हललं. मग दुसरं. मांडीवर ठेका सुरू झाला, आधी चाचपडत, मग नीट. पाय सुरू झाला. काकी श्वास घ्यायला थांबल्या.

"आयकता काय?"

"व्हय," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "थांबू नको."

फोन झाल्यावर ते माझ्याकडे बघेनात. खिडकीकडे बघून बोलले. "वरीसभर ती माझ्याशी पावन्यासारखी बोलली, बाय. जेवलात काय, बरे हाव काय, ठेवते. फोनवर मानूस चांगलाच वागतो. घरात कुनी भांडायला न्हाय, मग मी चायनाला म्हनलं, तू भांड."

मला त्यांचा राग आला, काकींचा आला, आणि वर्षभर कापूस विकत बसलेल्या माझा सगळ्यात जास्त आला. आणि रडू आलं ते वेगळंच.

रविवारी मी दुकान बंद ठेवून मांडव्याला गेले. पियानोवाल्याला पुन्हा फोन करून 'येतो' म्हणून कळवलं होतं, आणि काका इस्त्रीच्या शर्टात ड्रममागे बसले होते. बबनने घासलेली थाळी जिथल्या तिथे लावलेली. ते तिला एकदा-दोनदा वाजवायचे, ती गोड बोलायची, ते सोडून द्यायचे. शर्टाच्या वरच्या खिशात फोन होता, आणि तो चालू होता. मी मुद्दाम जवळचं टेबल घेतलं.

पियानोवाला रंगात आला. काका मान खिशाकडे कलती करून वाजवत होते आणि खिशातून काकी जावयाने आणलेल्या शिळ्या मासळीबद्दल बोलत होत्या. काका हसत होते आणि हात झपाझप चालले होते. ड्रम चढत गेले, जेवणारी माणसं काटे-चमचे ठेवून बघायला लागली. मॅनेजर दोनदा येऊन सर, सर करून गेली. त्यांनी तिच्याकडे बघितलंदेखील नाही.

"अवो," खिशातून आवाज आला, "जरा हलू वाजवा. नातू झोपलाय."

काकांनी लगेच काठ्या खाली ठेवल्या आणि हलक्या आवाजाचे तारांचे ब्रश उचलले.