घटातलं हिरवं

दिपमालाचं रक्त कमी आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि जळगावातल्या तिच्या माहेरी दोन ठिकाणी गहू उगवू लागला. पहिलटकरणीची सुखरूप सुटका होऊ दे, असं साकडं घालून आई प्रमिलाबाईंनी नवरात्राचा घट बसवला. वडील प्रेमराज आबांचे गव्हांकुर गच्चीवर ट्रेमध्ये त्याआधीपासूनच डुलत होते. सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या कुणीतरी हरितद्रव्य, फ्लेव्होनॉइड आणि अँटिऑक्सिडंट ही भुतं त्यांच्या डोक्यात सोडली होती, आणि तिथं एकदा शिरलेलं सहसा बाहेर पडत नसे.

दिपमाला डॉक्टरांच्या गोळ्या नेमानं घेई, पण आबांची भिस्त गव्हांकुरांच्या रसावर. घटाजवळच्या अखंड दिव्याला तेल घालायचं काम तिच्याकडे होतं. आबा ग्लास तिथंच नेऊन देत आणि मिक्सरचं भांडं धुवायला जात. परत येईपर्यंत ग्लास रिकामा. पोरगी हूं की चूं करत नाही, याचा त्यांना भारी अभिमान.

"तुझं घटातलं धान नुसतं दसऱ्याला टोपीत खोवायला," ते बायकोला चिडवत. "माझं पोटात जातं."

प्रमिलाबाई हसून घटावर पाणी शिंपडत. घट यंदा कधी नव्हे इतका तरारला होता, तेवढं त्यांना पुरे होतं.

सातव्या माळेच्या सकाळी आबा गच्चीवर गेले, तर सगळ्या ट्रेंना पांढरी बुरशी. बायकोला सांगावं तर फुशारकी गिळावी लागणार, गप्प बसावं तर पोरीचा रस चुकणार. दिपमाला आंघोळीला गेलेली, प्रमिलाबाई दारात दूधवाल्याशी बोलत होत्या. आबांनी कात्री घेतली आणि घटाची भिंतीकडची बाजू साफ केली. गवतच ते, दसऱ्यापर्यंत वाढेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. ग्लासही नेहमीसारखा रिकामा झाला.

गवत मात्र वाढलं नाही. दुसऱ्या दिवशी पारोळ्याहून आबांची थोरली बहीण भिकुबाई अक्का आली. घटाचं धान पाहून घराचं पुढचं वर्ष सांगण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं मान वाकडी करून घटामागं पाहिलं.

"मांगलं धान खुंटनं," ती हळूच म्हणाली. "पोरवर काही संकट शे, प्रमिला."

प्रमिलाबाई जागीच बसल्या. त्या दिवशी त्यांनी उपासाचा चहासुद्धा घेतला नाही, घटासमोर नुसत्या डोळ्याला पदर लावत राहिल्या. आबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळची आरती होताच त्यांना राहवेना.

"अक्का, खुंटनं नही. ते मी कापं."

"कसाले?"

"पोरले रस द्याले."

आता आभाळ कोसळणार म्हणून आबा मान खाली घालून उभे राहिले. पण अक्कानं जरा विचार करून निकाल दिला, की देवीचं धान पोरीच्याच पोटात गेलं, यापेक्षा मोठा आशीर्वाद कोणता? प्रमिलाबाईंनी डोळे पुसले. नवऱ्याशी मात्र त्या बोलल्या नाहीत, आणि ते आबांच्या जिव्हारी लागलं.

थोड्या वेळानं दिपमालानं त्यांना मोरीपाशी गाठलं.

"आबा, तो रस मी एकदाही प्यायले नाही. वासानंच मळमळायचं. तुम्ही वळलात की घटातच ओतायचे. आईला सांगू नका, तिला आत्ता कुठं बरं वाटलंय."

म्हणजे घट तरारला होता तो आबांच्याच रसावर, आणि देवीचं कापून त्यांनी देवीलाच पाजलं होतं. ज्या ग्लासासाठी बायकोला रडवलं, तो कुणाच्याच पोटात गेला नव्हता. आबांना स्वतःची लाज वाटली.

दसऱ्याला घट हलवल्यावर प्रमिलाबाईंनी उरलेलं धान स्वतः मिक्सरला लावलं आणि हिरवागार ग्लास लेकीसमोर धरला.

"माझी देवी आणि तुमचा रस, एकाच ग्लासात," त्या म्हणाल्या. अबोला सुटला होता.

दिपमालाचा चेहरा उतरला. अक्का समोरच बसलेली. आबांनी "प्रसाद आहे, आधी मला" म्हणत ग्लास घेतला आणि तोंडाला लावला.

गव्हांकुरांचा रस त्यांनी स्वतः कधी चाखलाच नव्हता. पहिलाच घोट घशाखाली उतरेना, आणि देवीचा म्हणून थुंकताही येईना. हेच आपण रोज पोरीच्या हातात देत होतो, आणि कसं लागतं एवढंही कधी विचारलं नाही. डोळ्यांत पाणी आलं ते नुसतं चवीमुळं नव्हतं. त्यांनी ग्लास रिकामा केला.

"पोरीला थोडा तरी ठेवायचा," प्रमिलाबाई हळहळल्या. मग नवऱ्याचे डोळे पाहून त्यांचा आवाज मऊ झाला. "देवीपुढं भरून आलं ना? पुढच्या वर्षी दोन घट बसवू. एक खास तुमच्या रसाचा."

आबांनी मान डोलावली. शेवटचा घोट अजून गालातच होता, तोंड उघडायची सोय नव्हती.