पोलादपूरची पऱ्हाटी

तेजश्रीच्या कपाशीला बोंड सोडून सगळं आलं होतं. पानं आली होती, तीही भोपळ्याच्या पानांना मान खाली घालायला लावतील अशी. फांद्या आल्या होत्या. उंची तर इतकी आली होती की वाटेनं जाणारी राहीबाई रोज थांबायची, मान वर करायची आणि विचारायची, "सूनबाय, ह्यो कापूस हाय का शेवगा?"

तेजश्री ते हसण्यावारी न्यायची. पण घरात शिरताना तिचं हसू उंबऱ्याबाहेरच राहायचं.

ती मूळची यवतमाळकडची. काळ्या रानातली, जिथं लोक झाडाला कपाशी म्हणत नाहीत, पऱ्हाटी म्हणतात, आणि घरातल्या माणसासारखी तिची चौकशी करतात. पुण्यात नोकरीला असताना तिची विनीतशी ओळख झाली, लग्न झालं, विनीतला महाडच्या कारखान्यात काम मिळालं आणि बिऱ्हाड पोलादपूरजवळ त्याच्या गावच्या घरी आलं. तिच्या वडिलांना, देवरावांना, जावई पसंत होता. गाव पसंत नव्हतं.

"जिथं आभाळ चार महिने गळते, तिथं पऱ्हाटी उभी राहत नाही," ते म्हणाले होते, "अन् जिथं पऱ्हाटी उभी राहत नाही, तिथं माह्या पोरीचं मन कसं लागन?"

लग्नाला चार वर्षं होत आली, पण देवरावांनी लेकीचं घर पाहिलं नव्हतं. नात माहेरी झाली तेव्हा त्यांनी तिला मनसोक्त खेळवली, आणि मायलेकींना गाडीत बसवताना "येईन कधी तरी" एवढंच म्हणाले. ते 'कधी तरी' तेजश्रीला टोचत राहिलं. गेल्या गणपतीत फोनवर ती एकदम बोलून गेली, "इथंही कापूस होतो, बाबा. मी काढून दाखवते."

पलीकडून देवराव म्हणाले, "बोंड दिसू दे. दुसऱ्या दिवशी गाडीत बसतो."

देवराव शब्दाचे पक्के होते. तीच पुढे अडचण झाली.

पाऊस ओसरताना तेजश्रीनं दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून चाळीस बिया लावल्या. भात कापून झालं तशी रोपं विहिरीजवळच्या तुकड्यात नेली. देवरावांनी फोनवरून नियम सांगितले आणि तिनं ते वहीत उतरवून घेतले. पाणी पंधरा दिवसांनी, तेही बेताचं. युरिया झाडाला चहाचा एक चमचा, महिन्यातून एकदा, आणि असा तीनदाच. चौथ्यांदा नाही.

"पऱ्हाटीले लाडावायची नसते, बाई," देवराव म्हणाले. "जास्त खाऊ घातलं की ती निसती पानं काढते. तिले थोडी तहान लागू द्यायची. उद्याचा भरोसा नाही असं वाटलं, का मग ती पोराबाळांच्या मागं लागते. पाते धरते, म्हंजे कळ्या, मंग फूल धरते, बोंड धरते."

रात्री जेवताना तेजश्रीनं हे सगळं घरात वाचून दाखवलं. सासरे हैबती, सासूबाई बयाबाई आणि विनीत, तिघांनी माना डोलावल्या. तीन वर्षांच्या श्रियानंही डोलावली.

पण मान डोलावणं वेगळं आणि हाडात भात असणं वेगळं. या खोऱ्यात शेत म्हणजे भाताचं खाचर. जमिनीला भेग दिसली की इथल्या माणसाला आपल्याच टाचेला भेग पडल्यासारखं दुखतं. तहानलेलं रोप उभं ठेवायचं, ही गोष्ट या घराला कुणी कधी शिकवलेलीच नव्हती.

तेजश्रीला काही खुणा दिसत होत्या. पाण्याला दहा दिवस झाले तरी माती ओलीच. तिनं सासऱ्यांना विचारलं.

"दव पडतंय ना," हैबती आभाळाकडे बघून म्हणाले. "आपल्या हितं दव लय."

पडवीतली युरियाची गोणी खाली बसत चालली होती. तिनं सासूबाईंना विचारलं.

"उंदीर गो," बयाबाई म्हणाल्या. "मेले काय पण खातात."

युरिया खाणारे उंदीर तेजश्रीनं ऐकले नव्हते. पण कोकणातले उंदीरही वेगळे असतील, असं म्हणून ती श्रियाला झोपवायला गेली. दिवसभरात तिला स्वतःचा असा वेळ मिळायचा तो श्रिया झोपल्यावरचा. त्या वेळात ती कपाशीपाशी जायची, एकेक पान उलटून बघायची, आणि श्रियाचा आवाज आला की पळत परत यायची.

जानेवारीत एका खालच्या फांदीवर तिला बोंड सापडलं. हिरवं, टोकदार, लिंबाएवढं. तिनं लगेच फोटो काढला आणि बाबांना पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, "तिकीट काढलं. मंगळवारी पोचतो. दोन दिवस राहीन."

सोमवारी सकाळी ते एकुलतं एक बोंड खाली पडलेलं होतं. मऊ, काळं, पाणी पिऊन सडलेलं. तेजश्रीनं ते उचललं आणि विहिरीच्या कठड्यावर बसून रडू लागली. चार वर्षांनी बाप येणार, तो एका बोंडावर विश्वास ठेवून, आणि आता त्याला काय दाखवणार? सात फुटी पाला?

बयाबाईंनी तिला आत आणली, चहा दिला, पाठीवरून हात फिरवला. "रडू नको गो. मी हाय ना."

मंगळवारी विनीत रिक्षा घेऊन वीर स्टेशनवर गेला आणि सासऱ्यांना घेऊन आला. देवराव उतरले ते टोपी, धोतर आणि तुरीच्या डाळीची पिशवी घेऊन. त्यांनी नातीला कडेवर घेतलं, पाण्याचा घोट घेतला, आणि चहा येण्याआधीच विचारलं, "कुठं हाये?"

तेजश्री पुढं आली. "बाबा, ते बोंड..."

"दिसलं, दिसलं!" देवराव पडवीतूनच ओरडले.

तेजश्रीनं वळून पाहिलं आणि ती जागीच थिजली. विहिरीजवळच्या हिरव्या भिंतीवर जागोजाग पांढरे ठिपके होते. एक नाही, दोन नाही, वीस-पंचवीस! काल संध्याकाळी तिथं काहीच नव्हतं. तिनं विनीतकडे पाहिलं. विनीतनं खांदे उडवले. बयाबाई पदरानं तोंड पुसत दुसरीकडे बघत होत्या.

देवराव धोतर सावरत निघाले. मागून सगळं घर. झाडांपाशी पोचल्यावर देवरावांनी आधी मान वर केली, आणखी वर केली, टोपी पडायला आली तेव्हा ती धरली. "बापा!" एवढंच ते म्हणाले. मग समोरचा पांढरा पुंजका अलगद खुडला आणि सवयीनं दोन बोटांत दाबला. पुन्हा दाबला. दुसरा खुडला. दाबला.

"याच्यात सरकी नाही," ते म्हणाले.

त्यांनी तिसरा खुडला. तोही दाबला.

"पन्नास वर्षं पऱ्हाटी केली. बी नसलेला कापूस आज पाह्यला." त्यांनी पुंजका नाकाशी नेला. "अन् याले उदबत्तीचा वास काहून येऊन राह्यला?"

बयाबाईंचा धीर सुटला. "देवघरातला हाय तो! वातींचा! पोर रडत व्हती, माज्यानं बगवलं नाय. एकेक पुंजका पानांत खोवला. तुमी बोट लावाल असं कुठं वाटलं व्हतं मला?"

"आई!" तेजश्री म्हणाली, आणि तिला रडावं की हसावं कळेना.

"म्हणजे बी नसलेली पऱ्हाटी शास्त्रज्ञाले जमली नाही," देवराव गंभीरपणे म्हणाले, "ते इनबाईनं एका रात्रीत करून दाखवलं."

ते खाली वाकले. बुंध्याची माती मुठीत घेऊन दाबली. तिचा लाडू झाला. त्यांनी तो लाडू सगळ्यांना दाखवला. "पाणी कोण देऊन राह्यलं?"

हैबतींनी गळ्यातला पंचा काढून पुन्हा घातला. "दर दोन दिसांनी मोटर लावायचो, याहीबुवा. जमीन फाटली का माजं जेवान घशाखाली जात नाय."

"अन् खत?"

"रोज एक मूठ," बयाबाई खाली बघून म्हणाल्या. "ही बिचारी चमच्यानं मोजून घालायची. चमच्यानं का कुनाचं पोट भरतं? म्हनलं, माहेरचं झाड हाय तिचं, उपाशी नको."

मग विनीतनं घसा खाकरला. "मी भाताच्या खताच्या गोळ्या पुरल्या होत्या. चार रोपांच्या मध्ये एक, भाताला लावतो तशा. कामावर जायच्या आधी. दोनदा."

"दोनदा?"

"तीनदा."

देवरावांनी लेकीकडे पाहिलं. "अन् तू व?"

तेजश्रीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "चमचा थोडा शीग लावून भरायचे, बाबा."

देवराव त्या सात फुटी जंगलापुढे बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले. त्यांचे खांदे हलू लागले तेव्हा तेजश्रीला वाटलं, आता बाबा संतापले. पण ते हसत होते. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

संध्याकाळी पडवीत बसून त्यांनी घरी फोन लावला. आत भाकरी थापता थापता तेजश्रीचे कान तिकडेच होते.

"हो, पाह्यली... नाही, बोंड एकही नाही... उंची? घरावर जाते. बैल बांधला तर दिसनार नाही... मानसं?... मानसं अशी हायेत का पऱ्हाटीचं काही खरं नाही. पन पोरगी उपाशी राहत नाही इथं, एवढं पक्कं."

तव्यावरची भाकरी करपली. तेजश्रीला ती उलटायची आठवणच राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी देवरावांनी परतीचं तिकीट रद्द केलं. "अजून सुधरते," ते म्हणाले. "पाते धरेपर्यंत मी हाये." त्यांनी सगळ्या झाडांचे शेंडे खुडून टाकले. युरियाची गोणी माळ्यावर गेली. मोटारीच्या पेटीची किल्ली देवरावांच्या बंडीच्या खिशात गेली. वीस दिवस पाण्याचा थेंब नाही. घरातल्या प्रत्येकाला त्यांनी देवापुढे कबूल करायला लावलं. हैबतींनी दिवा लावताना डोळे मिटून घेतले, कारण उघड्या डोळ्यांनी खोटं बोलणं त्यांना जमलं नसतं.

पहिला आठवडा निघाला. हैबती पडवीत उलटं तोंड करून बसू लागले. विहीर काठोकाठ भरलेली, आणि तिच्यापासून चार हातांवर माती हळूहळू पांढरी पडत चाललेली. दहाव्या दिवशी पहिली भेग पडली, आणि त्या दिवशी हैबती खरोखरच अर्ध्या भाकरीवर उठले. बाराव्या दिवशी दुपारच्या उन्हात चाळीसही झाडांनी माना टाकल्या.

"बघा!" देवराव आनंदानं म्हणाले. "आता हिले समजलं का मरन हाये. आता पाहा कशी धरते ते."

बयाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "याही, तुमचं काळीज दगडाचं हाय."

"पऱ्हाटीवाल्याले दगडाचंच लागते, इनबाई."

तेराव्या दिवशी पहाटे, फटफटत होतं तेव्हा, तेजश्रीला जाग आली. श्रियाचा पाय तिच्या पोटावर होता. तो हळूच बाजूला करून ती उठली, कारण विहिरीकडून कळशी टेकवल्याचा आवाज आला होता. ती चपला न घालताच गेली.

झाडांच्या अलीकडच्या ओळीत देवराव वाकून उभे होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात कळशी, आणि बुंध्याशी धार.

"बाबा?"

देवराव दचकले. कळशी लपवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी ती पोटाशी धरली. कोरडी माती चुर्रकन आवाज करत पाणी पीत होती.

"काय करू व," ते हळू आवाजात म्हणाले. "सारा जलम गेला. पऱ्हाटी मान टाकते अन् मी आभाळाकडे पाहतो. दुसरं हातात काही नसते ना. काल पहिल्यांदा तिनं मान टाकली अन् बाजूले भरलेली विहीर होती. समजते मले सारं. पन हात ऐकते का?"

तेजश्रीनं त्यांच्या दंडाला हात लावला.

"इनबाईले सांगू नको," देवराव कुजबुजले. "मोठ्या तोंडानं बोललो मी तिले."

तेवढ्यात पलीकडची पानं सळसळली. पाला इतका दाट होता की आतलं माणूस दिसत नव्हतं, फक्त बांगड्या वाजल्या आणि आवाज आला.

"मी कुनाला सांगत नाय, याही. माज्या बाजूची वीस झाडं झाली पाजून. तुमची किती ऱ्हायली?"