दसऱ्यानंतर चमकलेला खळगा

तीन वर्षांत परीक्षितने एक्केचाळीस हजार रसायनं तपासली आणि एकही कामाचं निघालं नाही. भोपाळच्या त्या संशोधन संस्थेत यंत्र मात्र झकास होतं. एका प्लेटमध्ये तीनशे चौऐंशी खळगे, प्रत्येकात टीबीच्या जंतूचं एक प्रथिन, वरून यंत्राचा हात वेगवेगळ्या रसायनाचा थेंब टाकणार. रसायन लागू पडलं तर निळ्या प्रकाशात तो खळगा चमकणार. आजवर काही म्हणता काही चमकलं नव्हतं. दिवाळीला फेलोशिप संपत होती, आणि हाताशी एक तरी औषध नसेल तर मुदतवाढ विसरा, असं विभागप्रमुख नीळकंठ सरांनी बजावलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी ग्वाल्हेरहून आईचा फोन आला.

"यंत्राला हळदकुंकू वाहिलंस का?"

"आई, ही लॅब आहे."

"तुझे बाबा दर दसऱ्याला लेथ मशीनला वाहायचे. पंचवीस वर्षांत एकदाही बंद नाही पडलं. तुझं तीन वर्षं चालून काय दिवे लावतंय?"

बुडत्याला काडीचा आधार. कोलार रोडच्या खोलीवरून निघालेला परीक्षित जवाहर चौकात थांबला, हळदकुंकवाची पुडी घेतली, आणि ज्युनियर शमिका चहाला गेल्यावर यंत्राच्या हाताला, थेंब पडतो तिथेच जरा वर, चिमूटभर हळदकुंकू लावलं. कोणी बघितलं नाही. नमस्कारही केला. आता केलाच, त्याला काय करणार?

दुसऱ्या दिवशी सातवा खळगा लख्ख चमकला. पुन्हा तेच रसायन त्याच खळग्यात टाकलं, पुन्हा चमकला. परीक्षितचे डोळे भरून आले. सरांनी तिथल्या तिथे दिल्लीला फोन लावला, सोमवारी तज्ज्ञांची समिती बोलावली आणि सगळ्या मजल्याला पेढे वाटले. आजवर परीक्षितला ओळख न देणारे क्लार्क 'डॉक्टरसाब' म्हणू लागले.

शनिवारी शमिका टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"दादा, मी नुसतं पाणी टाकून प्लेट चालवली. सातवा तरी पण चमकतोय. कुछ तो गडबड है."

परीक्षितने मान वर करून यंत्राच्या हाताकडे बघितलं. पिवळा भुरका अजून तिथे होता, आणि हात थांबला की बरोबर खाली सातवा खळगा. हळद निळ्या प्रकाशात चमकते, हे तो स्वतः पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचा. त्याला रडावंसं वाटलं, पण शमिका समोर होती.

तो सरांच्या केबिनमध्ये गेला आणि सगळं सांगून टाकलं. फेलोशिप गेली, समितीसमोर अब्रू गेली, आता ग्वाल्हेरला जाऊन ट्यूशन घ्यायच्या, एवढंच डोक्यात होतं.

"हळद पाण्यात टाकली तरी चमकते?"

"लख्ख, सर."

सरांची नजर मागच्या भिंतीकडे गेली. तिथे त्यांचा चौदा वर्षांपूर्वीचा पेपर चौकटीत लावला होता. त्याच्याच जोरावर सर विभागप्रमुख झाले होते आणि हे यंत्र आलं होतं.

"त्यातलं रसायन पुढे कुठल्याच लॅबमध्ये चाललं नाही," सर हळूच म्हणाले. "मी म्हणायचो, त्या लोकांच्या हाताला गुण नाही. आमच्या मातोश्री तेव्हा इथेच राहायच्या. दसऱ्याला लॅबमध्ये यायच्या. ताट घेऊन."

सरांनी उठून चौकट उतरवली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली.

"समितीला मी सांगतो. दोन्ही सांगतो. तू सहा महिन्यांच्या मुदतवाढीचा अर्ज आण. आणि आधी ते यंत्र स्पिरिटने पूस."

संध्याकाळी आईचा फोन आला.

"काय रे, गुण आला का?"

परीक्षितने फार विचार केला. "सहा महिने मिळाले."

"बघ, मी म्हटलं नव्हतं? म्हणजे मध्ये गुढीपाडवा येईल. त्या दिवशीही आठवणीने वाहा."