खिळ्यावरचा काळा कोट

सडक अर्जुनीच्या कोर्टासमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. रोज सकाळी साडेदहाच्या ठोक्याला लांजेवार वकील तिथे येतात, अंगातला काळा कोट काढतात, गळ्यातले पांढरे बँड काढतात, दोन्ही माझ्या खिळ्याला टांगतात आणि स्टुलावर मोबाइल उभा करून एकटेच बोलायला लागतात. त्या खिळ्यावर आधी माझं कॅलेंडर होतं. ते आता झेरॉक्स मशीनच्या मागे पडलेलं असतं आणि एकादशी कधी आहे हे मला शेजाऱ्यांना विचारावं लागतं.

कोट का काढायचा? तर वकिलाला जाहिरात करायची मनाई आहे म्हणून. "बाई, कोट दिसला का जाहिरात झाली. मी कायदा सांगून राहिलो, धंदा नाही करून राहिलो," हे वाक्य मी दिवसातून तीनदा ऐकते. बरं, नुसता कोट काढून भागत नाही. माझ्या पाटीवर 'वकीलपत्र टाइप करून मिळेल' असं लिहिलंय, त्यावर ते स्वतःचा दुपट्टा टाकतात. व्हिडिओत नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही, फोन नंबर तर नाहीच नाही. आता एवढं सोवळं पाळल्यावर समोरच्याला कसं कळावं की हा माणूस कोण? इटियाडोहकडचा एक शेतकरी त्यांना कृषी खात्याचे साहेब समजून धानावरच्या तुडतुड्यांचं औषध विचारायला आला होता. लांजेवारांनी त्याला औषधही सांगितलं.

हे खूळ शिरलं गोंदियात. पूर्वी वकिलांच्या बाकावर बसायला जागा नसायची. मग तरणे वकील आले, इंटरनेटवर दिसू लागले, आणि लोक तिकडे वळले. लांजेवारांचा बाक रिकामा पडला. वय अठ्ठावन्न, पण माणूस हार मानणारा नाही. वकिलांनी इंटरनेटवरून ओळख कशी वाढवावी, असं एक दिवसाचं शिबिर गोंदियात होतं, तिथे जाऊन आले. शिकवणारा हिंदीत बोलला. त्याचं एक वाक्य ह्यांनी वहीत लिहून आणलं आणि मला वाचून दाखवलं: "एक आदमी को आँखों के सामने रखो, और रोज उसी से बात करो."

"मग कोणाला ठेवलं डोळ्यासमोर?" मी विचारलं.

"ठेवलं हाय एकाले," म्हणाले आणि दुपट्टा झटकायला लागले.

तेव्हापासून रोज एक व्हिडिओ. ताप असो, लग्न असो, तो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला लागलाच पाहिजे. विषय एकच, भावाभावातली शेताची वाटणी. आणि सुरुवातही ठरलेली. "आता समजा, दोन भाऊ हायेत. समजा मोठा भाऊ हट्टी हाय. समजा मधात एक बोडी हाय, तिच्या पाण्यावरून दोघायचं बोलणं बंद हाय. समजा बोडीच्या पारीवर मोहाचं झाड हाय..." बोडी म्हणजे आमच्याकडचं शेतातलं लहान तळं, पार म्हणजे तिचा बांध. रोज तीच बोडी, रोज तेच झाड आणि तोच बिचारा हट्टी मोठा भाऊ. ऐकून ऐकून मला त्या झाडाच्या फांद्या पाठ झाल्या.

"अहो, विषय बदला," मी कावून म्हणायची. "मोटार अपघाताचा घ्या. हायवे आहे शेजारी, रोज गाड्या धडकून राहिल्या. चार पक्षकार तरी येतील."

"वाटणी संपू द्या, मंग अपघात."

वाटणी काही संपेना. वर हा माणूस सगळं फुकट सांगून टाकायचा! अर्धं सांगावं, अर्ध्यासाठी ऑफिसात बोलवावं, एवढी साधी अक्कल मला टायपिंगवालीला आहे. हे मात्र अर्जाचा नमुना सुद्धा वाचून दाखवायचे. बोदलकशाकडचे दोघे भाऊ एकदा पेढे घेऊन आले. व्हिडिओ पाहून त्यांनी आपसात धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, मोजला, भांडण मिटवलं, ठरलेला दावा लावलाच नाही. लांजेवारांनी दोघांना मिठ्या मारल्या. म्हणजे जाहिरात करून हातातला दावा घालवणारा असा वकील अख्ख्या जिल्ह्यात एकच. मी पेढा खाल्ला आणि कपाळावर हात मारला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत दुसरा कार्यक्रम असायचा. स्टेटस कोणी कोणी पाहिलं त्याची यादी मोबाइलवर येते, ती डब्याचं झाकण उघडायच्या आधी वरून खालपर्यंत वाचायची. चष्मा कपाळावर, बोट एकेका नावावर. शेवटच्या नावाशी आले की म्हणायचे, "नाही पाह्यलं." दोनशे जणांनी पाहिलेलं असलं तरी "नाही पाह्यलं"च. मला वाटायचं, एखादा मोठा पक्षकार गळाला लागावा म्हणून वाट बघतायत. मग भाजी तशीच ठेवून नुसती पोळी खायचे. मला राग यायचा आणि वाईटही वाटायचं.

मागच्या महिन्यात त्यांचं काहीतरी बिघडलं. त्यांच्या मूळ गावचा, सौंदडचा कोणी माणूस कोर्टात भेटला, त्याच्याशी बोलून आले ते पांढरेफटक होऊन. दुसऱ्या दिवशीपासून व्हिडिओचा सूरच बदलला. "समजा मोठ्या भावाले आता डोयानं कमी दिसते. समजा एक दलाल त्याच्या मागं लागून राहिला. न वाचता सही नोका करू. कोणालेही वाचाले द्या, पण वाचून घ्या." तीन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी मधेच आवाज चिरकला, तरी पुन्हा पहिल्यापासून बोलले. मी चहा पुढे केला तर कप हातात तसाच राहिला.

चौथ्या दिवशी वकील आत कोर्टात असताना एक म्हातारा दुकानात आला. पांढरी टोपी, काखेत प्लॅस्टिकची पिशवी. त्याने मोबाइल माझ्या नाकाशी धरला. "हा कुठी बसते?"

मोबाइलमध्ये लांजेवार म्हणत होते, समजा मोठा भाऊ हट्टी हाय.

मी म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. नाक तेच, कपाळ तेच, भुवईही तशीच वर चढलेली. अरे बाप्पा! मी खुर्ची सरकवून दिली आणि माझी मलाच लाज वाटली. सौंदड इथून हाकेच्या अंतरावर. तेवढ्या अंतरावरच्या भावाशी बोलायला हा माणूस रोज माझ्या स्टुलासमोर उभा राहून घसा कोरडा करत होता आणि मी त्याला अपघाताचे दावे सुचवत होते.

लांजेवार कोर्टातून आले, ते दारातच थांबले. त्यांनी कोट काढला आणि न बघता खिळ्याला टांगला. मग उभेच राहिले.

"मी हट्टी का रे?" म्हातारा गरजला. "साऱ्या दुनियेले सांगून राहिला!"

"तू पाह्यलं?" लांजेवार कसेबसे म्हणाले. "यादीत त कधी दिसला नाही, दादा."

"कसा दिसन? नातीनं ते निळं टिक बंद करून देल्लं. पाह्यलं का नाही ते कोणाले समजत नाही आता. पयल्या दिवसापासून पाहून राहिलो." तेवढं बोलून त्याने पिशवीतून कागद काढला. "दलाल उद्या सही मागते. हे वाच."

लांजेवारांनी चष्मा शोधला. तो कपाळावरच होता. "वकीलपत्र टाइप करू का?" मी सवयीने विचारलं.

"वकीलपत्र कायले?" म्हातारा माझ्यावरच उखडला. "तो वाचते, मी आयकतो."

मग नऊ वर्षं न बोललेले ते दोघे माझ्या बाकावर गुडघ्याला गुडघा लावून बसले. धाकट्याने ओळीवर बोट ठेवून कागद वाचला. अख्खं शेत जात होतं, बोडीसकट, झाडासकट. वाचून संपल्यावर म्हाताऱ्याने कागदाचे चार तुकडे केले आणि विचारलं, "डब्यात काय आणलं?" भाजी त्या दिवशी पुरली नाही. मी माझा डबा दिला आणि झेरॉक्स मशीनकडे तोंड करून डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला वकील आले. कोट खिळ्याला, दुपट्टा पाटीवर, मोबाइल स्टुलावर. बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तो मोटार अपघाताचा विषय तुम्ही म्हणत होत्या ना, तो कसा राहीन?"